तानाबाईच्या कानातल्यांची ताटली

बसव्वाच्या कडक भाकरीत सोनं निघालं ते एका सोमवारी, जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर. संघप्रिया जेवायला बसली होती. शेंगाची चटणी, वर दही, शेजारी कांदा. तिनं भाकरीचा तुकडा कडकन मोडला आणि ताटात टणकन काहीतरी पडलं. बाईच्या कानातलं. भाजून काळवंडलेलं, पण पदरानं घासल्यावर पिवळं धमक.

तिनं तिथूनच फोन लावला.

"मावशी, तुमच्या भाकरीत कानातलं निघालंय."

"काय निघालंय?"

"कानातलं. सोन्याचं. एकच."

पलीकडून नुसता जाळाचा तडतडाट आला.

"मावशी? ऐकताय ना?"

"ऐकाय लागलेय, पोरी," बसव्वा म्हणाली. "दात बरा हाय न्हवं तुजा?"

फोन ठेवला तेव्हा तिच्या तव्यावरची भाकरी करपून गेली होती. सव्वीस वर्षांत बसव्वाच्या हातून भाकरी करपल्याचं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. ते कानातलं कुणाचं, हे तिला विचारायची गरज नव्हती. ते भाकरीत कुणामुळं गेलं, हेही तिला चांगलं ठाऊक होतं.

बाळीवेशीत बसव्वाच्या घरामागं पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये दोन चुली. नवरा ईरप्पा ज्या गिरणीत होता ती बंद पडली, त्या वर्षी बसव्वानं पहिली चूल मांडली. दोन आठवड्यांनी मागच्या गल्लीतली तानाबाई येऊन म्हणाली, "एकटी किती थापशील गं?" आणि दुसरी चूल मांडली गेली. बसव्वा अक्कलकोटच्या पलीकडची, लिंगायताची, रागावली की कानडीत घसरणारी. तानाबाई बार्शीकडची, कायमच रागावलेली. पण दोघींच्या भाकऱ्या एकावर एक ठेवल्या तर कुठली कुणाची हे त्या दोघींनाही सांगता येत नसे. गरम पाण्यात पीठ मळायचं, उजेडापुढं धरलं तर पलीकडचं दिसावं इतकं पातळ थापायचं, भाजायचं, आणि मग चुलीच्या कडेला उभं करून पापडासारखं कडक होईस्तोवर वाळवायचं. नीट वाळलेल्या भाकरीला नखानं टिचकी मारली की आवाज येतो. तानाबाई त्या आवाजावरून सांगायची, "हिला अजून जाळ दाव."

कामाला बसायच्या आधी दोघींची एक रीत होती. जाळापुढं कानातलं सोनं तापतं आणि कानाच्या पाळ्या भाजतात. म्हणून आधी कानातली काढायची आणि पिठाच्या डब्याच्या झाकणात ठेवायची. झाकण उताणं, डब्याच्या उजव्या अंगाला. सव्वीस वर्षं तिथंच.

गेल्या दीड वर्षात या रीतीला फार महत्त्व आलं होतं, कारण तानाबाईची नजर गेली होती. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आता ऊन कुठं आणि सावली कुठं, एवढंच तिला कळायचं. खोलीत ती एकटी राहायची आणि बार्शीच्या लेकीला तिनं यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. कळलं होतं फक्त बसव्वाला, आणि तेही तानाबाईनं सांगितलं म्हणून नव्हे. बसव्वानं एक दिवस पाहिलं की तानी तव्याकडं न बघता भाकरी उलटते आहे. ती काही बोलली नाही. तिनं एवढंच केलं की शेडमधली एकही वस्तू त्या दिवसापासून जागची हलू दिली नाही. मीठ इथं, उलथनं इथं, पाण्याचा तांब्या इथं. सून झाडायला आली तरी ही मागं उभी. "तांब्या तितंच ठेव गं. तितंच म्हंजे तितंच!" सून म्हणायची, आत्याबाईंना म्हातारचळ लागला.

आणि मग एका शनिवारी बसव्वानं स्वतःच घोळ घातला. मुंग्या झाल्या म्हणून तिनं झाकण धुऊन उन्हात टाकलं, खालचं पुसून घेतलं, आणि डबा परत ठेवताना तो वीतभर उजवीकडं ठेवला गेला. झाकणाच्या जागी उघडा डबा आला. तानाबाई आली, बसली, तिनं कानातली काढली आणि रोजच्या जागी ठेवली. सरळ पिठात. एक मुठीत सापडलं, ते बसव्वानं जपून ठेवलं. दुसरं सापडलं नाही; घाईत ते कुठल्या गोळ्यात गेलं, कुणालाच कळलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. भाकरीत सोनं निघाल्याची बातमी गल्लीभर झाली, गल्लीतून बार्शीला गेली. लेक आली, तिनं आईच्या डोळ्यांपुढं हात हलवून पाहिला आणि तोंडाला पदर लावला. ठरलं की पुढच्या बुधवारी दहाच्या एसटीनं आईला बार्शीला न्यायचं, कायमचं.

तानाबाई भांडली नाही. तेच बसव्वाला जास्त लागलं. लेक बाहेर गेल्यावर ती फक्त म्हणाली, "आता ती मला जेवू घालंल, वेणी घालंल, कानात घालंल. माझ्या हातानं मी कानात घातलं तर मी माणूस, बसवे. दुसऱ्यानं घातलं की बाहुली."

"मग घाल की तुज्या हातानं."

"ठिवू कुटं आन् हुडकू कुटं? तितं तुझं झाकण हाय व्हय?"

झाकण म्हटल्यावर बसव्वानं मान खाली घातली. डबा मीच सरकवला, हे तिच्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं.

गुरुवारी ती रिक्षानं जुळे सोलापूरला गेली. कानातलं आणायचं आणि त्या पोरीची माफी मागायची. संघप्रिया सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसते. दर आठवड्याला बारा भाकऱ्या नेते आणि नेताना मोजून घेते, अशी मापातली मुलगी.

"माफी कसली मावशी? आमच्या घरात फुकट सोनं कधी आलं होतं? तिथं ठेवलंय बघा, दाराजवळ."

दाराजवळच्या फळीवर तळहाताएवढी ताटली होती. आत किल्ल्या, एक अंगठी आणि तानाबाईचं कानातलं. काठावर गुलाबी फुलं. बसव्वानं हात घातला तो कानातल्यासाठी, पण बोटं आधी काठाला लागली आणि थबकली. तिनं डोळे मिटले.

"मावशी, चक्कर आली का?"

"गप गं जरा." बसव्वाचं बोट काठावरून हळूहळू फिरत होतं. "गुलाब. हे पान. हितं एक कळी हाय, अजून उमलली न्हाई. ही दुसरी पाकळी दुमडलीया."

"डोळे मिटून?"

"चिनी मातीची हाय का?"

"नाही, पॉलिमर क्ले म्हणतात. कणकेसारखी मऊ असते. हवा तो आकार करायचा आणि ओव्हनमध्ये भाजायची. मीच केलीय, रविवारी करत बसते."

"भाजायची?" बसव्वानं डोळे उघडले. भाजायची म्हटल्यावर तिला धीर आला. "मला शिकीव. बुधवारच्या आत."

मग तिनं सगळं सांगितलं. तानाबाईचे डोळे, सरकलेला डबा, लेक, बाहुली. संघप्रिया लगेच म्हणाली, "मी करून देते की! दोन दिवसांत देते. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तू केल्यावर चांगलीच हुईल," बसव्वा म्हणाली. "पर डबा मी सरकवला, पोरी. तू न्हाई."

रविवारी सकाळी बसव्वा आली ती पुरा बेत डोक्यात घेऊनच. टेबलावर ताट पालथं घालून तिनं त्यावर बोटानं दाखवलं. "ताटली गोल. गोल वस्तूला पुढंमागं नसतंय, मग आंधळ्या माणसानं काय करावं? म्हणून हितं, पोटाकडच्या बाजूला, करडईचं फूल. काटं असलेलं. हाताला टोचलं की कळलं, ही माजी बाजू. मग डावीकडं झेंडू, उजवीकडं सदाफुली. झेंडू भरगच्च, सदाफुली पाचच पाकळ्याची, गुळगुळीत. आन् मदी बांध. शेताला असतो तसा. डाव्या कानाचं डावीकडं, उजव्याचं उजवीकडं, फिरक्यासुद्धा मिसळाय नगोत."

संघप्रिया बघतच राहिली. "मावशी, मी दोन वर्षं ताटल्या करतेय. गोल वस्तूला पुढंमागं नसतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं."

"तू बघून करतीस. मी दीड वर्ष तानीच्या शेजारी बसून करतेय."

"करडईला केशरी-पिवळा शोभेल. पण रंग कशाला मावशी? त्यांना दिसणार नाही ना."

"तिला न्हाई दिसायचं. पर लेकीच्या घरी चार बाया येतील न्हवं? त्या म्हणतील, अगं बाई, काय देखणी ताटली हाय! ते तानीनं ऐकावं."

संघप्रियानं मुकाट्यानं चार रंग काढले आणि नियम सांगितले, औषधाच्या गोळ्या सांगाव्यात तसे. "हात कोरडे. पाणी लावायचं नाही, तेल लावायचं नाही, काही म्हणजे काही लावायचं नाही. हिला धूळसुद्धा चालत नाही."

"व्हय बाई," बसव्वा म्हणाली, शाळेतल्या मुलीसारखी.

आता झालं असं, की दिवस एप्रिलचे. सोलापूरच्या उन्हात पंखासुद्धा गरम वारा टाकत होता, आणि बसव्वाचे हात तर सव्वीस वर्षं जाळापुढं शेकलेले. माती हातात घेतली आणि ती जी मऊ झाली, ती बोटांना धरूनच बसली. हाताला चिकटणारी कणीक! बसव्वाच्या लेखी यापरता अपमान नव्हता. नवी सूनसुद्धा तिसऱ्या दिवशी हात सोडवायला शिकते. तिनं हळूच संघप्रियाकडं पाहिलं. संघप्रिया मोबाइल उभा करण्यात गुंतली होती.

"मावशी, व्हिडिओ काढू? तुमचा हात लोकांना बघू दे."

"काढ की," बसव्वा म्हणाली, आणि तिचा डावा हात पदराखाली कमरेच्या पिशवीत गेला.

पिशवीत ज्वारीच्या पिठाची पुडी होती. मुद्दाम आणली होती असं नाही. आणि विसरून राहिली होती असंही नाही. पिठाचा हात घेतल्याशिवाय जगात काही थापता येतं, हे तिला पटतच नव्हतं. चिमूटभर पीठ बोटांना लागलं, आणि माती एकदम शहाणी झाली. बसव्वानं गोळा तळहातावर फिरवला, थापला, फिरवला. लाटणं तसंच बाजूला राहिलं. दोन मिनिटांत चकती तयार, काठ कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही.

"अहो मावशी!" संघप्रिया ओरडली. "माझ्या हाताला कायम चिकटते ती. तुमच्या हाताला चिकटतच नाही!"

"सवय असती गं," बसव्वा म्हणाली. कौतुक गोड लागत होतं आणि टोचतही होतं.

मग झेंडू. वाटाण्याएवढ्या गोळीची एक कड चिमटीत दाबून पातळ करायची, झाली पाकळी. एकीमागं एक, दाटीवाटीनं. करडईच्या काट्यांना तिनं टोकं काढली पण बोथट ठेवली. "टोचावं, पर रगत निघू नये." दुपारपर्यंत सगळी ताटली उभी राहिली. ओव्हनमध्ये गेली. संघप्रिया घड्याळ बघत होती, बसव्वा वास घेत होती.

"झालं बघ," बसव्वा म्हणाली.

"अजून चार मिनिटं आहेत."

"बरं बाई, तुजं घड्याळ खरं."

ताटली निवल्यावर बसव्वानं दोन्ही हातांनी उचलली आणि तिरकी करून बघायला गेली. टप. झेंडूची एक पाकळी टेबलावर पडली. मग दुसरी. मग शेंगा फोडताना टरफलं पडावीत तशा पाचसात एकदम. सदाफुली तर अख्खीच निखळली. करडईचे काटे तेवढे दोन उरले.

"असं कसं झालं?" संघप्रियाचा चेहरा उतरला. "ओव्हन बिघडला असणार. तापमान कमी लागलं असेल. थांबा, व्हिडिओत वेळ बघते."

ती मोबाइल घेऊन बसली. बसव्वा गळलेल्या पाकळ्या गोळा करत बसली, मान वर न करता. व्हिडिओत तिचेच हात भराभर चालत होते. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि संघप्रिया थांबली.

"मावशी. हा तुमचा डावा हात सारखा पदराखाली कशाला जातोय?"

"खाज सुटली असंल."

"बावीस वेळा?"

बसव्वानं पाकळ्या खाली ठेवल्या. कमरेची पिशवी सोडली आणि पुडी टेबलावर ठेवली. "पीठ हाय."

"कसलं पीठ?"

"ज्वारीचं. मालदांडी." आणि मग अगदी हळू, "चाळलेलं हाय गं."

संघप्रियानं पुडी उघडून बोटानं पीठ चाचपलं. मग ती हसायला लागली, इतकी की तिला खुर्ची धरावी लागली. "चाळलेलं हाय म्हणे! मावशी, दोन थरांच्या मध्ये पीठ गेलं की माती मातीला धरतच नाही!"

"व्हय की," बसव्वा म्हणाली. तिला हसू येत नव्हतं. "भाकरीखाली पीठ मारतो ते त्याच्यासाठीच, काठवटीला धरू नये म्हणून. कळाय पायजे हुतं मला. अय्यो शिवने, तुजी सगळी माती वाया घालवली. आन् ओव्हनवर आळ घेऊ दिला."

"माती आहे अजून. वेळ कमी आहे. मंगळवारी मी पाचला सुटते. याल?"

"यीन. हात कापून घरी ठेवून यीन."

मंगळवारी ती आली तेव्हा दारातच पुडी संघप्रियाच्या हातात दिली. "घे. जप्त कर." संघप्रियानं तिच्या हातात बर्फ झालेली पाण्याची बाटली दिली. बसव्वा बाटली धरून बसायची, हात गारठले की पुसायची, दोन पाकळ्या करायची, पुन्हा बाटली. भाकरीला लागतं त्याच्या उलट सगळं. डावा हात मात्र ऐकत नव्हता. दर मिनिटाला कमरेकडं जायचा, तिथं काही नसायचं, आणि बिचारा रिकामा परत यायचा. संघप्रिया मोजत होती आणि बसव्वाला ते कळत होतं.

"किती झालं?"

"सोळा."

"सव्वीस वर्षाचा हाय त्यो. तुज्या एका रविवारात कसा सुधारंल?"

खोलगट आकार यावा म्हणून चकती वाटीत बसवायची वेळ आली तेव्हा बसव्वा थांबली. "पोरी, वाटीला तर चिकटू नये न्हवं? मग वाटीला आतून पीठ मारलं तर?"

संघप्रियानं विचार केला. "चालेल. मी कॉर्नफ्लॉवर लावते."

"मग माज्या मालदांडीनं काय घोडं मारलंय?"

जप्त पुडी सुटली. वाटीला पीठ लागलं, चकती आत बसली, बांध घातला. मग बसव्वानं हात पुसले, दोनदा पुसले, आणि काठावर फुलं बसवली. सदाफुली सगळ्यात शेवटी. ताटली भाजून, निवून वाटीतून सुटली ती अलगद. संघप्रियानं ती उलटी करून हलवली. काही पडलं नाही.

बुधवारी सकाळी तानाबाईच्या खोलीत बोचकी बांधून तयार होती. लेक रिक्षा बघायला दारात उभी. तानाबाई खाटेच्या कडेला बसली होती, नवं लुगडं, केस लेकीनं घट्ट बांधलेले, कान मोकळे.

"बसवे, तूच न्हवं? पाय ओढत आलीस."

"मीच." बसव्वानं ताटली तिच्या मांडीवर ठेवली. आत दोन्ही कानातली, घासून लखलखीत केलेली. सांगायचं पुष्कळ होतं, पण तिनं काही सांगितलं नाही. सांगून कळली तर ताटलीला अर्थ नव्हता.

"हे काय? वाटी?"

"बघ तूच."

तानाबाईच्या कपाळावर आठी आली. तिला कुणी काही हातात आणून दिलेलं आवडत नसे. तरी बोटं पुढं झाली. ती बोटं, ज्यांना भाकरीचा काठ केसाएवढा जाड लागला तरी कळायचा, ताटलीच्या काठावरून निघाली आणि एकाएकी मागं आली.

"टोचलं की गं! हे काय… करडई?" ती पुन्हा पुढं गेली. "करडईच. बोंडाखाली काटं हायती. बापाच्या रानात हाताला फडकी बांधून तोडायचो आमी." ताटली तिच्या मांडीवर हळूहळू फिरली आणि करडई पोटाकडं येऊन थांबली. बसव्वानं काही न सांगता. "हा झेंडू. ही… गुळगुळीत हाय. एक, दोन, तीन… सदाफुली. मदी बांध घातलाय." बोट बांधाच्या अलीकडं उतरलं आणि कानातल्याला लागलं. मग बांध ओलांडून पलीकडं गेलं. तिथं दुसरं.

तानाबाईची बोटं पुन्हा काठावर आली आणि सदाफुलीच्या पाकळ्या मोजू लागली.

मग टिक असा बारीक आवाज झाला. सदाफुलीची एक पाकळी तानाबाईच्या बोटांत आली होती.

"गेलं!" बसव्वा जवळजवळ रडलीच. "शेवटाला बसवली हुती. हात पुसलं हुतं मी, दोनदा पुसलं!"

तानाबाईनं पाकळी उलटी केली. अंगठ्यानं तिची खालची बाजू चोळली, नाकाशी नेली.

"पीठ हाय," ती म्हणाली. "मालदांडी. पिठाच्या हातानं केलंस व्हय गं, येडे?"

संघप्रियाला जे कळायला दोनदा व्हिडिओ बघावा लागला होता, ते तानाबाईला अंगठ्यानं कळलं. बसव्वानं हात पुढं केला.

"दे हिकडं, चिकटवून आणते."

"राहू दे. चार पाकळ्याची तर चार पाकळ्याची. उजवा कान लगेच घावंल." तानाबाईनं पाकळी ताटलीतच टाकली आणि डाव्या कानातलं उचललं.

लेक दारातून धावली. "आई, थांब, मी घालते. पडंल ते."

"हात मागं घे," तानाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. लेकीनं हात मागं घेतला.

पाळीचं भोक चाचपडून तिनं काडी आत सरकवली, ताटलीतून फिरकी उचलली, बसवली, फिरवली. मग बांधापलीकडं हात. दुसरं. फिरकी एकदा निसटली आणि ताटलीतच पडली, काठाच्या आत. तिनं ती पुन्हा उचलली. दोन्ही कान झाल्यावर तिनं मान हलवून बघितली, दोन्ही बाजूंना, आरशापुढं हलवावी तशी.

"नीट हाय का?"

"लई नीट हाय," बसव्वा म्हणाली, आणि मग तिला राहवेना. "ताने, त्या शनिवारी डबा…"

"तू सरकवला हुतास. वीतभर."

"तुला ठावं हाय?"

"हात पिठात गेला तवाच कळलं. सव्वीस वर्षं तितं झाकण हाय, त्ये काय आपल्या पायानं गेलं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू रडत बसली असतीस, आन् तव्यावरच्या दोन करपल्या असत्या." तानाबाईनं ताटली पदरात गुंडाळली आणि उठली. "आन् दीड वर्ष तू काय बोललीस मला? तांब्या तितंच ठेव, म्हणून सुनेवर वरडत हुतीस. मी भैरी न्हाई झाले."

रिक्षात बसताना लेक ताटली पिशवीत ठेवायला मागत होती. तानाबाईनं दिली नाही.

बसव्वा घरी आली, शेडमध्ये गेली, चूल पेटवली. तानाबाईच्या चुलीची राख तिनं काढली नाही. रविवारची ती बोडकी ताटली, दोन काट्यांची, संघप्रियाकडून मागून आणलेली, तिनं पिठाच्या डब्याच्या उजव्या अंगाला ठेवली. कानातली काढून त्यात टाकली. मग डोळे मिटून एकदा हात पुढं केला, नेमक्या जागी लागला का बघितला, आणि पिठात मूठ घातली.